आमचं साडेतीन लिवा

पेठेचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर समोरची पेठ विचारणार, आमचं का नाही सांगितलं. दोन्ही सांगितली तर आधी कुणाचं सांगितलं यावरून पुन्हा सुरू. जे कोल्हापुरात राहिलेत त्यांना हे कळेल. जे नाहीत त्यांनी एवढंच समजून घ्यावं, की आमच्याकडं माणूस आधी पेठेचा असतो, मग तालमीचा, आणि वेळ उरला तर घरचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि या गोष्टीचं गल्लीला काय करावं ते कळत नव्हतं. डॉक्टर झाले असते तर गोळ्या मागितल्या असत्या, वकील झाले असते तर सातबारा दाखवला असता. संख्याशास्त्र म्हटल्यावर शेजारचे काका गंभीरपणे जवळ आले आणि हळूच म्हणाले, मग उद्या आकडा कुठला लागंल हे सांगता येतंय काय. मी नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्या शिक्षणातला रस संपला. सकाळच्या कॉलेजात सात वाजता मला तासिका तत्त्वावर दोन तास मिळत होते. तेवढ्यावर माझी पदवी उभी होती.

घरात आम्ही चौघं. आई, दादा, वहिनी आणि मी. आमची गल्ली चढावर. पाणी यायचं सकाळी सातला, आणि यायचं म्हणजे काय, नळ आधी खोकायचा, मग करंगळीएवढी धार धरायचा, आणि पाव तासात पुन्हा खोकून गप्प व्हायचा. खालच्या गल्लीतल्या लोकांनी लाइनीला मोटरी लावलेल्या, त्यामुळं आमच्या वाटणीचं पाणी त्यांच्या गच्चीवरच्या टाकीत चढायचं आणि तिथून त्यांच्या स्कूटरी धुवून गटारीनं पुढं जायचं. त्या पाव तासात वहिनी जेवढं धरेल तेवढं आमचं. उरलेल्यासाठी तिनं घागर कमरेवर घेऊन उतारावरच्या सार्वजनिक नळकोंडाळ्याला जायचं आणि भरलेली घागर घेऊन चढ चढायचा. आईचे गुडघे गेलेले. मी सातला कॉलेजात. आणि दादा तालमीत.

दादाचं सांगायला पाहिजे. दादा उद्यमनगरात लेथवर होता. कामाला दहाला जायचा. त्याआधी पहाटे उठून तालमीत. जोर, बैठका, मग तालमीच्या आडावर बादल्या ओतून आंघोळ, मग कट्ट्यावर चहा, मग फुटबॉलवर चर्चा. घरी यायचा तो ताटावर. त्याच्या आयुष्यात पाण्याची टंचाई कधी आलीच नव्हती. तांब्या नेहमी भरलेला असायचा. तो कोण भरतं हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

वहिनी मुरगूडकडची. लग्नाआधी तिनं बालवाडीचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यात, पितळी समईखाली ठेवलेलं होतं. त्या वर्षी जवळच्या एका बालवाडीतल्या बाई जूनपासून सोडून जाणार होत्या. वहिनीला विचारणा झाली. शाळा साडेसातची, म्हणजे घरातून सातला निघायला पाहिजे. सात. नेमकं सात. वहिनीनं त्यांना सांगितलं, जूनपर्यंत बघतो आणि सांगतो. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, बघतो, येतो, जातो. बाहेरची माणसं हसतात. हसू देत.

जूनपर्यंत काय बघणार होती, तर पाइप. चढावरच्या गल्ल्यांसाठी नवा पाइप मंजूर व्हायच्या गोष्टी चालल्या होत्या. तो आला असता तर पाणी तास-दोन तास राहिलं असतं, आईनं बसल्या जागी नळी लावून पिंप भरलं असतं, आणि वहिनी मोकळी. पण पाइप एकच होता आणि मागणारे बरेच. म्हणून पाणीखात्यातल्या साहेबांनी ठरवलं की आधी पाहणी करायची. कुठं किती तास पाणी येतं ते घरोघर विचारायचं आणि जिथं कमी तिथं पाइप. एवढं सरळ काम. ते आलं आमच्या सरांकडं.

सर म्हणजे मला संख्याशास्त्र शिकवलेले सर. सफारी, खिशाला दोन पेनं, आणि सरासरीवर निस्सीम प्रेम. लोक देवाला मानतात तसं सर सरासरीला मानायचे. मध्यक, बहुलक वगैरे मंडळी त्यांच्या दृष्टीनं परीक्षेपुरती. मला त्यांनी तक्ते आणि आलेख करायला बोलावलं. विभागात एक कॉम्प्युटर होता. त्याला स्वतंत्र खोली, खोलीला पडदे, कॉम्प्युटरला नक्षीचं प्लास्टिकचं आवरण, आणि आत जाताना चपला बाहेर. शिपाई रोज उदबत्ती लावत नव्हता एवढंच.

मी सरांना म्हटलं, सर, मी पेठेतलीच आहे, विचारायला मी जाते, बायकांना विचारते. सर हसले. म्हणाले, तू तिथलीच, तुझ्या मनात पूर्वग्रह असणार, पाहणी तटस्थ माणसानं करावी. मग त्यांनी बी.एस्सी.ची चार तटस्थ पोरं निवडली. चौघंही बाहेरगावची, गरीब स्वभावाची, कुणी चहा दिला तर उठून उभी राहणारी. आणि अन्याय नको म्हणून सरांनी वेळापत्रक केलं, एक दिवस आमची पेठ, एक दिवस समोरची. आलटून पालटून. बाकीच्या वस्त्या रविवारी. आणि हे सगळं ऐन फुटबॉलच्या हंगामात.

इथं बाहेरच्या वाचकासाठी थांबते. आमच्या पेठेची टीम आणि त्यांच्या पेठेची टीम यांची मॅच असली की त्या दिवशी दोन्ही पेठांत लग्नाचा मुहूर्त धरत नाहीत. ज्या घरातली मुलगी समोरच्या पेठेत दिलीय, तिनं त्या दिवशी माहेरी फोन करायचा नाही. अशा दोन पेठांत सर एकाच प्रश्नाचा कागद घेऊन आलटून पालटून पोरं पाठवत होते. मी ते वेळापत्रक पाहिलं आणि मला काहीच वाटलं नाही, हेही सांगून टाकते. एम.एस्सी. फर्स्ट क्लास.

दोन-तीन महिन्यांत फॉर्म गोळा झाले आणि माझ्याकडं आले. मी दुपारभर बसून एकेक आकडा आत टाकला. वहिनी रोज संध्याकाळी विचारायची, झालं का गं, काय निघतंय. मी म्हणायची, अजून नाही, पण निघायचं तेच निघणार की, आपल्या गल्लीत पाव तास आणि खाली दिवसभर, आंधळ्यालाही दिसेल. ती भाकरी थापत थापत हसायची. एकदा तिनं डब्यातून ते सर्टिफिकेट काढून पुसून पुन्हा ठेवलेलं मी पाहिलं.

पहिली काढली सरासरी, कारण सरांना आधी तीच लागायची. आमच्या पेठेची आली ती बघून मला वाटलं मी दशांश चिन्ह चुकीच्या जागी टाकलं. दिवसाला कितीतरी तास पाणी. पुन्हा केली. तीच. म्हटलं ठीक आहे, सरासरी ही अशीच असते, खालच्या गल्लीतल्या मोटरवाल्यांनी वर ओढली असेल. सरासरीचा स्वभावच तो, चार उपाशी आणि एक ढेकर देणारा असा पाचजणांचा कारभार ती सगळे जेवले म्हणून मिटवते. मग मी स्तंभालेख काढला. म्हणजे कमी तासांपासून जास्त तासांपर्यंत खाली मांडणी आणि जितकी घरं तितका उंच खांब. मला दोन टेकाडं दिसायला पाहिजे होती. एक डावीकडं, पाव तासवाल्या चढावरच्या घरांचं, आणि एक उजवीकडं, मोटरवाल्यांचं. डावीकडं काहीच नव्हतं. सपाट मैदान. सगळी पेठ उजवीकडं जाऊन बसली होती.

मी खुर्चीवर मागं टेकले. म्हटलं, मग आमच्या घरी येतं ते काय येतं?

पडद्यावर डोळे लावून बसले आणि नुसती गंमत म्हणून, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, फॉर्म ज्या क्रमानं भरले त्या क्रमानं ठिपके काढून बघितले. आडवे दिवस, उभे तास. आमच्या पेठेचा ठिपका भरीव, समोरच्या पेठेचा पोकळ. आणि जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. जिना. सरळ चढत गेलेला जिना. पहिल्या दिवशी आमचे ठिपके खाली, अगदी खरे वाटावेत इतके खाली. दुसऱ्या दिवशी समोरच्यांचे थोडे वर. तिसऱ्या दिवशी आमचे त्याहून वर. मग ते. मग आम्ही. एक भरीव पायरी, एक पोकळ पायरी. जानेवारीतल्या तासाभरापासून मार्चपर्यंत दोन्ही पेठा हातात हात घालून, खरं तर गळ्यात गळा आवळून, छताकडं निघाल्या होत्या. वर जाऊन जिना थांबला होता, कारण दिवसात तास चोवीसच असतात. नसते तर थांबला नसता.

त्या दिवशी घरी आले. दादा जेवत होता. मी सहज विचारलं, ती फॉर्मवाली पोरं तालमीत आली होती का रे.

आली होती की, दादा म्हणाला, आणि त्याचा चेहरा खुलला. मग त्यानं घास चावत चावत सगळं सांगितलं. पोरं घरोघर कशाला फिरतील, कुणीतरी त्यांना म्हणालं, पेठेचं काय विचारायचं ते तालमीत विचारा. पोरं कट्ट्यावर बसली. त्यांना मिसळ दिली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी काहीबाही सांगितलं, कुणाला माहीत होतं कशासाठी आहे. पण पुढच्या वेळी वस्तादांनी त्यांना विचारलं, पावणं, समोरच्या पेठंत किती सांगितलं? ती पोरं भोळी. सांगितलं, तीन तास.

"मग मी म्हटलं, आमचं साडेतीन लिवा," दादा म्हणाला. "तीन तास सांगत्यात भिकारडी. आमच्यापेक्षा जास्त?"

मी म्हटलं, दादा, आपल्या नळाला किती वेळ पाणी येतं ठाऊक आहे का तुला? तो म्हणाला, येतंय की. तांब्या उचलून त्यानं गटागट पाणी प्यायलं, जणू पुरावाच दिला. मी म्हटलं, अरे जिथं कमी तिथं पाइप देणार आहेत, कमी सांगायचं होतं. यावर तो खरोखर गोंधळला. पावण्यासमोर, तेही समोरच्या पेठेतून आलेल्या पावण्यासमोर, आमच्यात हे कमी आहे असं कसं सांगायचं, हे त्याच्या डोक्यातच शिरेना. शेवटी म्हणाला, मग तसं आधी सांगायचं न्हाय व्हय.

वहिनी चुलीपाशी होती. म्हणजे गॅसच होता, पण आमच्यात अजून चूलच म्हणतात.  तिनं दादाच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, जरा जोरात.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याचा कागद घेऊन सरांकडं गेले. छापूनच नेला होता. म्हटलं, सर, हे आकडे पाण्याचे नाहीत. ही मॅच आहे. स्कोअर आहे हा. सरांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यांचे डोळे पाणावले असं मला वाटलं. म्हणाले, अगं, हे तू आधी का नाही दाखवलंस? केवढा सुंदर कल आहे. जानेवारी ते मार्च, दिवसागणिक पाणीपुरवठ्यात सुधारणा. साहेब खूश होतील.

मी म्हटलं, सर, उन्हाळा जवळ आला की पाणी कमी होतं, वाढत नाही. सर म्हणाले, आकडे काय म्हणतात ते बघायचं, आपल्याला काय वाटतं ते नाही. मी तालमीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, लोक स्वतःच्याच तोट्याचं खोटं कशाला बोलतील? प्रश्न बिनतोड होता. सर कोल्हापूरचे नव्हते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी ठरवलं, आपण करू. आठवडाभर कॉलेजात दुसऱ्या बाईंना माझे तास घ्यायला लावले आणि सकाळी वहिनीबरोबर नळापाशी उभी राहिले. चढावरच्या प्रत्येक दारात जाऊन जी बाई घागर लावून बसली होती तिला विचारलं आणि घड्याळ लावून स्वतः बघितलं. मग खालच्या गल्लीत. एका आजीनं तर मलाच विचारलं, कसलं पाणी? बायकांनी मला जे सांगितलं त्यात तास कुठंच नव्हते. दोन घागरी आणि एक कळशी. तांदूळ धुवून होईस्तोवर. पोरगं उठायच्या आत. मी ते सगळं मिनिटांत बसवलं आणि स्तंभालेख काढला. दोन टेकाडं. डावीकडं एक, उजवीकडं एक, मधे रिकामं. इतकं स्वच्छ चित्र मी पुस्तकातही पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, आता बघू सर काय बोलतात.

सर दोन गोष्टी बोलले. एक, नमुना लहान आहे. दोन, बायकांना वेळेचा अंदाज नसतो.

मी म्हटलं, घड्याळ माझं होतं. ते म्हणाले, तूही.

हे वाक्य मी पुढं पंचवीस वर्षं पोरांना शिकवताना सांगत आले. पोरं हसतात. त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं. मी बाहेर आले, चपला घातल्या, एक चप्पल उलटीच घातली आणि तशीच बसस्टॉपपर्यंत चालत गेले.

तरी माझ्या हट्टापायी सरांनी माझे आकडे मूळ आकड्यांत मिसळायला परवानगी दिली. मग त्यांनी वाह्यात आकडे काढून टाकायचे म्हणून दोन्ही टोकं छाटली. वरच्या टोकाला समोरच्या पेठेतला कुणीतरी होता ज्यानं चोवीस तास सांगितलं होतं, आणि आमच्या पेठेतला एक ज्यानं चोवीस तास आणि रात्री जरा जास्त असं लिहून घेतलं होतं. ते गेले. खालच्या टोकाला आमची गल्ली होती. तीही गेली. वहिनी, ती आजी, शेजारची काकू, सगळ्या एका बटणात गेल्या. संख्याशास्त्रात याला नाव आहे आणि ते चांगलं भारदस्त आहे. आमच्या गल्लीला ते कुणी कळवलं नाही.

मे महिन्यात एका हॉलमध्ये साहेबांपुढं सादरीकरण झालं. पुष्पगुच्छ, नारळ, पडद्यावर उजेड टाकणारं यंत्र. सरांनी आधी भाकरीसारखा गोल आलेख दाखवला, त्याचे रंगीत तुकडे केलेले. समाधानी, अतिशय समाधानी आणि पूर्ण समाधानी असे तीन तुकडे. असमाधानी असा पर्याय फॉर्ममध्ये जागा पुरली नाही म्हणून नव्हता. मग माझा जिना आला. त्यावर सरांनी लाल पेनानं वर जाणारा बाण काढला होता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसून बटाटेवडा खात होते. चांगला होता वडा, खोटं कशाला बोलू.

पाइप कुठं गेला? गावाबाहेरच्या एका नव्या कॉलनीत. तिथं रिटायर्ड लोक राहत होते. प्रत्येक बंगल्यात विहीर नाहीतर बोअर. पण त्यांना समोर दुसरी पेठ नव्हती. त्यांनी तटस्थ पोरांना आत बोलावलं, पंखा लावला आणि नळाला थेंबही येत नाही असं सांगून डोळे पुसले. रडायची अक्कल असावी लागते. ती आमच्या पेठेत कुणी कमावली नाही, जोर-बैठका काढण्यातच सगळा वेळ गेला.

वहिनीला मी सांगितलं. तिनं विचारलं, तुझ्या त्या चित्रात मी कुठं होतो? मी तिला पहिला, न छाटलेला कागद दाखवला, डावीकडचं टेकाड दाखवलं. म्हटलं, हा खांब, यात. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, चांगलं काढलंयस. बालवाडीच्या बाईंना तिनं अजून नाही म्हणून कळवलं नव्हतं. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते.

आणि मग ती बातमी आली. इथल्या एका पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यात आलं, की पाणीपुरवठ्याच्या पाहणीत आमची पेठ समोरच्या पेठेहून पुढं. किती पुढं, तर दशांश चिन्हाच्या उजवीकडं. तो दशांश मीच काढला होता, आणि सरांना म्हटलंही होतं की एवढ्या बारीक फरकाला काही अर्थ नाही.

अर्थ नाही म्हणे. संध्याकाळी तालमीपुढं हलगी लागली. गुलाल आला, तो मॅचचा शिल्लक होता. पेढे वाटले. बातमीचं कात्रण काचेच्या फ्रेममध्ये घालून तालमीच्या भिंतीवर टांगलं, जिथं ढाली आणि चषक होते तिथं. समोरच्या पेठेतून निरोप आला की मोजणी चुकलीय, पुन्हा मोजा. त्यावर आमच्याकडून जे उत्तर गेलं ते मी इथं लिहीत नाही. दादाला तर खांद्यावरच घेतलं होतं, कारण साडेतीनची सुरुवात त्याची. गुलालानं माखलेला, खांद्यावर बसलेला, दोन्ही हात वर केलेला माझा भाऊ मी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पाहिला. हसावं की रडावं कळेना. त्या दिवशी आमच्या घरात प्यायला अर्धी कळशी पाणी होतं.

माझ्या शेजारून वहिनी गेली. पदर खोचलेला, कमरेवर एक घागर, हातात एक घागर, दोन्ही रिकाम्या. मला वाटलं नळकोंडाळ्याला चालली. ती तालमीकडं वळली.

आमच्याकडं सुना तालमीच्या पायरीवर जात नाहीत. असं कुठं लिहिलेलं नाही, जात नाहीत एवढंच. हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला. वहिनीनं दोन्ही घागरी कट्ट्यावर, वस्तादांच्या पायापाशी ठेवल्या. पितळ दगडावर वाजलं. वस्ताद म्हणजे सत्तरीचे, सगळ्या पेठेचे मामा, दादाचे गुरू. वहिनीनं खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला.

"मामा," ती म्हणाली, "पेठंत लई पाणी हाय म्हणं. ह्या भरून घरी धाडा. मी सोमवारपासनं सकाळी बालवाडीत जातोय."

 दादा अजून खांद्यावरच होता. त्याला खाली उतरवायचं कुणाला सुचेना आणि वरून उडी मारायचं त्याला सुचेना. वस्तादांनी घागरींकडं बघितलं, मग फ्रेमकडं, मग त्यांनी मान खाली घातली. वहिनी वळली आणि रिकाम्या हातानं घरी आली. रिकाम्या हातानं तिला चढ चढताना मी पहिल्यांदा बघत होते. भराभर चढली.

आईनं घरात तोंड सोडलं, पेठंत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय म्हणाली. वहिनीनं ऐकून घेतलं आणि पिशवीत रंगीत खडू भरले.

सोमवारी शाळा उघडली. मला सुट्टी होती. सातला पाच कमी असताना वहिनी इस्त्रीची साडी नेसून, चप्पल घालून, दारातून बाहेर पडली. मागं वळून बघितलं नाही. दादा त्या दिवशी तालमीत गेला नव्हता. तालमीच्या कट्ट्यावरून उचलून आणलेल्या दोन्ही घागरी घेऊन नळापुढं उकिडवा बसला होता, कुस्तीत सलामी द्यायच्या आधी बसतो तसा. गल्लीतल्या बायका आपापल्या दारातून त्याला बघत होत्या आणि एकमेकींना बघत नव्हत्या, बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

नळ खोकला. धार आली. दादानं घागर खाली लावली, आणि मग त्याला कळेना की आता काय करायचं, कारण काही करायचं नसतंच, नुसतं बसायचं असतं. घागर भरता भरेना. त्यानं नळाची चावी आणखी पिरगाळली. ती पूर्ण उघडीच होती. त्यानं नळाला एक चापट मारली. एक घागर झाली, दुसरी निम्मी झाली, आणि नळ खोकून बंद पडला. दादा वाट बघत बसला. आमच्या समोरच्या दारातली काकू आपलं पिंप झाकून आत निघून गेली. तरी तो बसून होता. खालच्या गल्लीत कुणीतरी पाइपनं स्कूटर धुवत होतं, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

शेवटी त्यानं निम्मी घागर उचलून आत आणली, ठेवली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "ती फारमवाली पोरं परत कधी येणार हायत?"

मी म्हटलं, येत नाहीत ती परत. एकदाच येतात.

 मग त्यानं घरातली तिसरी, रिकामी घागर कमरेवर घेतली, पुरुषाच्या कमरेवर ती नीट बसेना म्हणून खांद्यावर घेतली, आणि उतारावरच्या नळकोंडाळ्याकडं निघाला.